सतरा नंबरचं रक्त

तालुक्यावरून फोन आला तेव्हा सुरैय्या लसीकरणाच्या यादीत डोकं घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी बुधवार. बावीस लेकरं, आणि त्यांतल्या निम्म्या आया हरभरा सोंगायला गेलेल्या.

"उद्यापासून परदेशी पाहुणे येऊन राहिले," आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाई म्हणाल्या. "मागच्या साली आले होते ना, त्याच कॉलेजचे. चार जण आहेत. दोन हप्ते घरं दाखवायची त्यांना."

"उद्या लसीकरण हाय, मॅडम."

"ते बी करा अन् हे बी करा. साहेबांनी सांगितलंय."

फोन ठेवून सुरैय्याने कपाळावर हात मारला. अकरा वर्षं ती खालच्या सांगवीची आशाताई होती. तेल्हारा तालुक्यातलं हे गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी खारं, बोअरचं त्याहून खारं, आणि नळाला गोडं पाणी आलं तर दहा-बारा दिवसांनी. परदेशातले विद्यार्थी गावात यायचं हे तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी त्यांनी संडास मोजले. दुसऱ्या वर्षी रक्त नेलं.

चौघं आली ती पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेऊन. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाची पोरं, बेल्जियमची. त्यांच्यातल्या मोठ्या मुलीचं नाव लॉटा. गावातल्या बायांनी पहिल्याच दिवशी तिचं लोटाबाई केलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. दुभाषी म्हणून अकोल्याच्या जठारपेठेतली आरती होती. समाजकार्याचं शिकणारी, गोड बोलणारी पोरगी.

प्रश्न बासष्ट होते. सगळे हात धुण्याबद्दल.

इंदूबाईच्या ओट्यावर पहिलाच प्रश्न आला, जेवणाआधी तुम्ही साबणाने हात धुता का? इंदूबाईचा नवरा सूर्यभान दिवाळीत गेला होता. तेव्हापासून ती कोणाशी फारसं बोलत नसे. तिने लॉटाकडे पाहिलं, मग सुरैय्याकडे.

"या पान्यात साबनाले फेस येत नाई, हे सांग तिले. अन् गोडं पानी हात धुवाले नाई, पेवाले ठेवतो आमी. मागच्यांनी बी हेच इचारलं होतं. त्यायनं लिहून नेलं ते कुठी गेलं?"

आरतीने इंग्रजीत काहीतरी म्हटलं. चार-पाच शब्द. लॉटाने मान डोलावून एका चौकोनात खूण केली.

"एवढं बोलली ते," सुरैय्या म्हणाली, "अन् तू एवढंसंच कावून सांगितलं?"

"ताई, प्रश्नाचं उत्तर होय किंवा नाही एवढंच हवंय."

"मंग काय सांगितलं?"

"कधी कधी, असं," आरती खाली बघून म्हणाली.

दुपारपर्यंत नऊ घरं झाली. लसीकरणाचा डबा घेऊन नर्सबाई अंगणवाडीत वाट बघत होत्या आणि सुरैय्याचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता. दहावं घर पुंजाजीचं. साठीचा माणूस, बाजेवर पाय लोंबवून बसलेला. पाय घोट्यापाशी सुजून चकचकीत झाले होते. सुरैय्या त्याला महिनाभर सांगत होती की अकोल्याला चल, आणि तो दुकानातून गुडघेदुखीच्या गोळ्या आणून खात होता. पाहुण्यांना बघून त्याचं तोंड उजळलं. तो उठला, भिंतीतल्या कोनाड्यातून एक कार्ड काढलं आणि लॉटाच्या हातात दिलं.

"माहा रिपोर्ट आनला का?"

कार्डावर निळ्या शाईत सतरा आकडा होता.

सुरैय्याने ते कार्ड ओळखलं; रक्त देणाऱ्या प्रत्येकाला तसं मिळालं होतं. मागच्या फेब्रुवारीत एक्केचाळीस माणसांनी रक्त दिलं होतं. देत नव्हते. सुईला भीत होते, शेतीची कामं होती. दारोदार जाऊन तिनंच मनवलं होतं, द्या बावा, किडनी कशी हाय ते समजीन, महिनाभरात कागद येते. महिना झाला, दोन झाले. तिने तालुक्याला विचारलं, तालुक्याने जिल्ह्याचं नाव सांगितलं, आणि मागच्या विद्यार्थ्यांनी दिलेला नंबर लागेनासा झाला. पुंजाजी भेटेल तिथे विचारायचा. ती सांगायची, येईल. मग मग तो दिसला की ती दुसऱ्या गल्लीने जायला लागली होती.

लॉटा कार्डाकडे बघतच राहिली. मग आरतीशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. आरतीचा चेहरा उतरला.

"आता सगळं सांगजो," सुरैय्या म्हणाली. "होय-नाही नको."

"ताई, ती म्हणते... मागच्या वर्षीच्या ग्रुपचा प्रबंध तिनं इथं यायच्या आधी वाचला. त्यात लिहिलंय, गावात एक्केचाळीसपैकी सहा जणांच्या किडन्या बिघडलेल्या आहेत. तिला वाटलं, त्या लोकांना सांगितलं असेल."

"सहा?"

"हो."

"कोन सहा?"

"प्रबंधात नावं नसतात, ताई. तसा नियमच आहे."

सुरैय्या पायरीवरच बसली. "साता समुद्रापलीकडे बसून वाचलं यायनं," ती म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "अन् मी इथी रोज यायच्या दारावरून जातो, मले मालूम नाई! हात धुता का इचारून राहिले! नियम! रक्त काढतानी नाव लागलं, तवा नियम नव्हता का?"

आरतीने तोंड उघडलं.

"गोड करून सांगू नको. जसं बोलली तसं सांग."

आरतीने सांगितलं. या वेळी वेळ लागला. लॉटा लाल झाली. तिच्या मागचा एक विद्यार्थी प्रश्नपत्रिका पिशवीत भरायला लागला.

सुरैय्याने तिथंच जाहीर केलं, की रिपोर्ट आल्याशिवाय ती एकही घर दाखवणार नाही, आणि ती लसीकरणाला अंगणवाडीत निघून गेली. संध्याकाळी गटप्रवर्तक बाईंचा फोन आला. पाहुणे आहेत, बरं दिसतं का? दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकारी साहेबांचा आला. साहेब समजावणीच्या सुरात बोलले, मग चिडले. "तुमच्या जागी दुसरी आशा नेमता येते, माहीत आहे ना?"

"नेमा, सर. पन तिले बी पुंजाजीच्या दारावरूनच जा लागन."

घरी नवरा साजिद म्हणाला, "कायले भांडून राहिली सगळ्यांशी?" तिने भाकरीचं पीठ इतक्या जोरात तिंबलं की तो उठून ओट्यावर जाऊन बसला.

लॉटाने तिच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, कॉलेजच्या संशोधन-नीती समितीला विचारावं लागेल. समिती म्हणाली, अर्ज करा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, जिथं रेंज मिळते तिथं, ती पोरगी दोन दिवस फोन धरून बसली होती. आपल्या भाषेत भांडत होती एवढं कोणालाही कळलं असतं. एकदा तर ती रडली. सुरैय्याने ते अंगणवाडीतून पाहिलं, पण जवळ गेली नाही. रडून कोणाची सूज उतरत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिचं तिलाच ते कडू वाटलं.

शुक्रवारी दुपारी लॉटा आणि आरती तिच्या घरी आल्या. समितीने आकडे दिले होते. फक्त त्या सहा कार्डांचे नंबर आणि त्यापुढे किडनी किती बिघडली ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनचं प्रमाण. नावांची यादी वेगळी कुलूपबंद होती आणि ती मिळायला महिना लागणार होता.

"महिना कायले लागते?" सुरैय्या म्हणाली. फळीवरून तिने आपली मागच्या वर्षीची वही काढली. कोण आलं, कोण आलं नाही, कोणाला कोणतं कार्ड दिलं, सगळं तिने स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती सगळंच लिहायची.

आरती नंबर वाचत गेली आणि सुरैय्या बोटाने नाव शोधत गेली. चार, शेषराव. नऊ, वेशीजवळचा अब्दुल रहीम. सतरा, पुंजाजी. बावीस आणि तीस, दोघं भाऊ, एकाच वावरातल्या विहिरीचं पाणी पिणारे.

"अडतीस," आरती म्हणाली. "हा सगळ्यात जास्त आहे."

सुरैय्याचं बोट वहीवर थांबलं. अडतीस म्हणजे सूर्यभान. दिवाळीत दम लागून गेला होता. लोक म्हणाले, हार्टचं असेल.

"इंदूबाईचा नवरा. गेला थो," म्हणत तिने वही मिटली. लॉटाने आरतीकडे पाहिलं, आरतीने हाताने खूण केली, की नाही, तो नाही आता.

सोमवारी सुरैय्या पाचही जणांना घेऊन अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. लॉटा सोबत आली. केसपेपरच्या रांगेत ती दोन तास उभी राहिली, पुंजाजीला बाकावर जागा मिळावी म्हणून एका माणसाशी हातवारे करून भांडली. डॉक्टर तरुण होते, थकलेले. पुंजाजीचे नवे आकडे बघून त्यांनी विचारलं, "वर्षभर काय करत होता, बाबा?"

"कागदाची वाट पाहून राहिलो होतो," पुंजाजी म्हणाला.

डायलिसिस लगेच नको, पण फार लांब नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुडघेदुखीच्या गोळ्या किडनीला घातक, म्हणून त्याच दिवशी बंद. शेषराव आणि अब्दुल रहीम यांचं औषधावर भागणार होतं. दोघा भावांना पुन्हा बोलावलं. परतीच्या गाडीत लॉटाने आरतीकरवी विचारलं, त्या बासष्ट प्रश्नांचं आता काय करू?

"ते तुह्यं तू पाह्य," सुरैय्या म्हणाली. मग थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "पान्याचं लिही. नळाले किती दिवसानं येते, ते लिही. अन् लिहिलं ते पहिले आमाले वाचून दाखवजो."

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. इंदूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. सुरैय्या तिच्या बाजूला बसली आणि कुठल्या शब्दांनी सुरुवात करावी हे न सुचून सरळच बोलली. सूर्यभानभाऊचा रिपोर्ट आला. किडनी खराब होती. मागच्या फेब्रुवारीतच समजलं होतं, त्यायले. आपल्याले नाही.

इंदूबाईचं सूप थांबलं.

"तूच घेऊन गेली होती त्याले," ती म्हणाली.

"व्हय."

"येत नव्हता थो. म्याच म्हटलं होतं, सुरैय्या म्हनते तं जा."

सुरैय्याला माफी मागायची होती. ती सुपातले खडे वेचायला लागली. कोंबडी येऊन सांडलेले दाणे टिपायला लागली, कोणी हाकललं नाही.

शेवटी इंदूबाईने सूप बाजूला सारलं.

"मी बी तीस साल तेच पानी पेऊन राहिली," ती म्हणाली. "माह्यं रक्त कधी नेतं?"

"उद्या. पयल्या गाडीनं."

"अन् कागद?"

"दवाखान्यातच बसू. हातात भेटल्याबिगर आपन उठत नाई."

इंदूबाईने मान हलवली आणि उद्या अंगावर घालायचं लुगडं वाळलं का ते बघायला उठली.