पाहुण्यांच्या बाजूने

बेरिल चहाच्या पेल्यांवर फडकं अंथरत होती, तेवढ्यात पेव्हरिलबाई ऑस्ट्रेलियाच्या खोलीच्या दारात आल्या. इंग्लंडच्या कर्णधार. सिडनीच्या उन्हाने त्यांच्या नाकाची सालपटं निघाली होती.

"आमच्या एकीचा पाय मुरगळलाय, आणि राखीव दोघी तापाने झोपल्यात. तुमच्यातली एखादी मैदानात उभी राहील का?"

"बेरिलला न्या की," आतून कुणीतरी म्हणालं. "सकाळपासून नुसती सँडविचं कुरतडतेय."

सगळ्या हसल्या. बेरिलही हसली. पाहुण्यांना माणूस कमी पडलं की यजमानांनी द्यायचं, ही खेळातली रीतच होती. बोटीने एवढा समुद्र ओलांडून या मुली पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात आलेल्या. त्यांना नाही कसं म्हणायचं?

बाहेर तिची धाकटी बहीण आयव्ही फलंदाजी करत होती. बेरिलच्याच जागेवर. ब्रिस्बेनच्या सामन्यात बेरिल दोन्ही डावांत लवकर बाद झाली, म्हणून इथे आयव्हीला घेतलं. मेलबर्नच्या शेवटच्या सामन्याला दोघींपैकी एकच, असं निवड समितीच्या ल्युडलोबाईंनी साफ सांगितलं होतं. आज आयव्हीने पन्नाशी गाठली तर ती, नाहीतर बेरिल. सकाळच्या प्रार्थनेत बेरिलने बहिणीचं नाव घेतलं होतं. पुढे काय मागायचं, ते मात्र ओठांवर आलं नव्हतं.

मैदानात तिने आयव्हीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. टोपीकडे पाहिलं. हिरवी, नवी कोरी, डोळ्यांवर ओढलेली. शोभतही होती मेलीला.

मैदानाकडेच्या टेकडीवर बसलेल्या गर्दीतून एक जण ओरडला, "ओ ताई, घरी चूल कोण बघतंय?"

"तुझी आई," आयव्ही तिथूनच म्हणाली, आणि पुढचा चेंडू सीमेपार धाडला. टेकडी खूश झाली. असली उत्तरं बेरिलला कधी वेळेवर सुचली नव्हती.

षटक संपल्यावर ती पेव्हरिलबाईंजवळ गेली.

"मी त्या पंचांच्या मागे, जरा लांब उभी राहू?"

"तिथे काय आहे?"

"ऊन डोळ्यांवर येत नाही."

"राहा हो, खुशाल राहा. आज तुम्ही आमच्या पाहुण्या."

ऊन खरं तर तिथेच जास्त होतं. पण पायाशी आलेला चेंडू आयव्ही उचलून त्याच बाजूला मारते, हे बेरिलइतकं कुणाला ठाऊक असणार?

थोड्याच वेळात तो आला. उंच, आळसावलेला. पळावंसुद्धा लागलं नाही. क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावा. तोवर हात मिटले होते.

आयव्ही बाद, पन्नाशीला थोड्याच धावा उरल्या असताना. मग आधी इंग्लंडच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. "अगं, तू नक्की कुणाची?" टेकडीवरचा तोच माणूस म्हणाला, पण टाळ्या त्यानेही वाजवल्या.

चहाच्या सुट्टीत ल्युडलोबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"आपलीच बहीण, आपलाच संघ. दुसरी कुणी असती तर हात ढिले सोडले असते. मेलबर्नची तयारी कर."

बेरिल मान खाली घालून उभी राहिली. बाईंना तो विनय वाटला.

आयव्ही कोपऱ्यातल्या बाकावर पॅड सोडत बसली होती. डोळे लाल होते. बेरिल तिच्या शेजारी टेकली.

"चांगला घेतलास," आयव्ही म्हणाली.

"सोपा होता."

"मूर्ख मी. तुला तिथे पाहिलं आणि बॅट आपोआप फिरली." बक्कल ओढता ओढता ती कसंनुसं हसली. "परसात शिकवताना जिकडे मारायचं तिकडे तू जाऊन उभी राहायचीस ना? अगदी तश्शीच उभी होतीस. तू त्यांच्याकडून उभी आहेस, हे डोक्यातच आलं नाही गं."

पलीकडे कुणीतरी चहा ओतत होतं.

"हे मेलं अडकलंय," आयव्ही म्हणाली आणि लहान मुलीसारखा तिने पाय पुढे केला.

बेरिल गुडघ्यांवर बसली. बक्कल सुटलं. तरी ती उठली नाही.