गल्लीतली बोअर

बंगळूरच्या बनशंकरीतल्या त्या गल्लीत उन्हाळ्यात सगळ्यांच्या बोअर आटल्या. सुनंदाबाईंच्या घरामागच्या बोअरला तेवढं पाणी होतं. रोज सकाळी सात-आठ बायका घागरी भरून न्यायच्या. त्याचे पैसे कधी कुणी मागितले नव्हते.

मार्चमध्ये टँकरवाला आला. त्याला सगळं पाणी विकत हवं होतं. गल्लीला थोडं ठेवून चालणार नव्हतं.

"आई, ज्यांना गरज आहे ते पैसे द्यायला तयार आहेत," मुलगा गिरीधर म्हणाला. "आपण कुणाला लुबाडत नाही. भाव मिळतो म्हणून तर पाणी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचतं."

सुनंदाबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पैशांअभावी रखडलं होतं. त्या हो म्हणाल्या.

समोरची गंगव्वा बसने लांब एचएसआर लेआउट वस्तीत जाऊन एका घरी स्वयंपाक करायची. दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन आली तेव्हा सुनंदाबाईंनी तिला सांगितलं. "सरी, अक्का, ठीक आहे," म्हणून ती रिकामी घागर घेऊन परत गेली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी सुनंदाबाई दारात बसल्या असताना गंगव्वा पाण्याचा कॅन घेऊन येताना दिसली. खांदा एका बाजूला कलला होता.

"कुठून आणलंस गं?"

"कामावरून. बाई म्हणाल्या, घेऊन जा. त्यांच्याकडे टँकर येतो."

"कुठला टँकर?"

गंगव्वाने कॅन खाली ठेवला. "इथलाच, अक्का. तुमच्याकडे भरतो तोच. ड्रायव्हर ओळखतो मला. बसमध्ये कॅनचं वेगळं तिकीट पडतं, तेवढंच."

संध्याकाळी सुनंदाबाईंनी हे गिरीधरला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाणी मिळतंय ना तिला?"

"मिळतंय," त्या म्हणाल्या. "इथलंच पाणी, बसचं तिकीट काढून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पंपाजवळ स्टूल टाकून बसल्या आणि पहिला तासभर पाणी गल्लीला, असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. टँकर रिकामाच परत गेला. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण भाव पाडून. गिरीधर आठवडाभर आईवर चिडून होता.

त्या पहिल्या सकाळी गंगव्वा पाण्याला सगळ्यांत शेवटी आली होती.

"चुकलंच माझं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तुमची बोअर, अक्का. मी काय बोलणार?" तिने घागर भरली आणि बस गाठायला निघाली.

एप्रिलच्या शेवटी तीही बोअर आटली. सगळं पाणी विकलं असतं तर दुसरा डोळाही झाला असता, असं गिरीधरचं म्हणणं. टँकर लावलाच नसता तर पावसापर्यंत पुरलं असतं, असं बायकांचं. महापालिकेचा टँकर आला की सुनंदाबाईही घागर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या.