दोन जावांची एक जागा

मी एक जुनी हातगाडी आहे, पण भाजीची नव्हे. बालमित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका, मी शवपेट्या वाहते. आमच्या चर्चच्या दारापासून मागच्या दफनभूमीपर्यंत माणसाला नीट पोचवायचं, हे माझं काम. आजवर एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही.

माझा जन्म मात्र या कामासाठी झाला नव्हता. चर्च बांधायला काढलं तेव्हा दगड आणि चुना वाहायला गाडी हवी होती. छपराच्या तुळयांसाठी लाकूड आणून ठेवलं होतं, त्यातलं थोडं घेऊन सुताराने मला घडवलं. मी भिंतींचे दगड वाहिले, फरशा वाहिल्या. घंटासुद्धा माझ्यावरूनच आली, आणि त्या दिवशी सगळी वस्ती टाळ्या वाजवत माझ्यामागून चालली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

छप्पर चढायच्या आधीच चुना कालवणारा म्हातारा गेला. अंगाने भरलेला माणूस, खांदा देणारे सगळे दमलेले. मग सुताराने मला घासून धुतलं, वर स्वच्छ चादर घातली आणि म्हाताऱ्याला मागच्या मोकळ्या जमिनीत नेलं. ती आमच्या दफनभूमीतली पहिली कबर. दुसऱ्या दिवशी मुकादमाने माझ्यावर विटा लादायला सांगितलं, तर एकही गडी पुढे होईना. झालं! माझी बदली झाली ती कायमची.

पुढे मी हेडमास्तरांना नेलं, सुईणीला नेलं, घंटा वाजवणाऱ्याला नेलं. माझ्यावर सगळे आडवेच असतात, त्यामुळे कोण मोठा आणि कोण छोटा हे मला कधी कळलं नाही. इकडे चर्चची कौलं जाऊन पत्रे आले, मनोऱ्याला दोनदा डागडुजी झाली, आणि तिकडे कबरी वाढत वाढत मागच्या भिंतीला टेकल्या. मुलं लपाछपी खेळताना माझ्याखाली दडायची आणि आयांच्या हातचा मार खायची.

सुतारालाही मीच नेलं. त्याच्यामागे त्याचे दोन मुलगे मला तेलपाणी करायचे. आता हिशोब बघा. सुताराने मला घडवलं, म्हणजे मी त्याची लेक. मुलगे माझे भाऊ. मग त्यांच्या बायका माझ्या वहिन्या आणि मी त्यांची नणंद! तेव्हा त्यांच्या भांडणाकडे कान देणं हा माझा हक्कच आहे.

आणि भांडण कसलं, विचारू नका. थोरली वहिनी वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायची, धाकटी फुलं मांडायची. "तुझ्या फुलदाणीचं पाणी सांडतं, डाग मी काढायचे?" थोरली म्हणायची. "तुम्ही खळच एवढी घालता जाऊबाई, फुलदाणी उभी राहील तर शपथ!" धाकटी म्हणायची. माझे दोन्ही भाऊ बिचारे हे ऐकत ऐकतच म्हातारे झाले आणि वर्षभराच्या अंतराने गेले. दोघांना एकाच ओळीत ठेवलं आणि मधे एक जागा मोकळी सोडली. ती कुणासाठी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

मग एका रविवारी फादरांनी सांगितलं की दफनभूमी भरली आहे. ज्या घराची जागा शिल्लक असेल त्यांचंच माणूस इथे येईल, बाकीच्यांना हमरस्त्यापलीकडची नवी जमीन. तिथे शवपेटी मोटारीने जाणार होती. चर्च सुटलं आणि दोघी जावा मी उभी असते त्या पडवीसमोर उभ्या ठाकल्या.

"मधली जागा माझी," धाकटी म्हणाली. "माझे हे तिच्या उजवीकडे आहेत."

"आणि माझे हे डावीकडे काय फिरायला आलेत?" थोरली म्हणाली. "घरात आधी मी आले."

"आधी आलात म्हणून सगळं तुमचंच का? मी एकटी जाऊन पडू त्या हमरस्त्यापलीकडे? अनोळखी माणसांत?" मला तिची फार दया आली. थोरलीचीही आली. दोघींचे नवरे इथे, सासूसासरे इथे, आणि जागा एक.

फादर मधे पडले. "जी आधी जाईल तिची," ते म्हणाले. असा न्याय कुणी करतं का? त्या दिवसापासून थोरलीला साधी शिंक आली तरी धाकटी म्हणायची, "सांभाळा हं जाऊबाई, जागेवर डोळा आहे वाटतं." थोरलीही म्हणायची, "तुला खोकला झाला की मला धडकी भरते गं."

पुढच्या वर्षी थोरली खरंच आजारी पडली. चालवत नव्हतं, तरी एका दुपारी काठी टेकत पडवीत आली आणि चक्क माझ्यावर बसली. समोर कबरी खणणारा पहारीला टोक काढत होता.

"कबर किती खोल खणतोस रे?"

"छातीइतकी, मावशी. खाली खडक लागतो."

"फुटत नाही?"

"फुटतो, पण जीव निघतो."

"माझा तर निघणारच आहे, तू जरा जोर लाव. खडक फोडून मला त्याखाली घाल. वर एक पेटी मावेल एवढी जागा ठेव."

"वर कोण?"

"कोण म्हणजे? धाकटी! जन्मभर माझ्या डोक्यावर बसली, आता तिथेही बसू दे." मग काठी टेकून ती त्याच्याकडे वाकली. "मी जाईपर्यंत तिला सांगू नकोस. भांडायला काही राहिलं नाही तर घरात करमायचं कसं आम्हाला?"

अगं माझी वहिनी! मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

ती गेली तेव्हा पहाटेपासून खडकावर पहार वाजत होती. गवंडीही मदतीला आला होता. धाकटी माझा कठडा धरून चालली. जागा गेली, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कबरीशी पोचल्यावर तिने खाली पाहिलं आणि दचकली.

"अरे, ही कबर आहे की विहीर?"

कबर खणणाऱ्याने टोपी काढली आणि थोरलीचा निरोप जसाच्या तसा सांगितला, डोक्यावर बसण्यासकट. धाकटी खाली बघत राहिली आणि मग हमसून हमसून रडायला लागली.

"बघा, बघा हिचं! शेवटचा शब्दसुद्धा स्वतःच बोलून गेली. आता मी उत्तर कुणाला देऊ?"

जन्मात पहिल्यांदा तिने जाऊबाईंना 'अहो जाहो' केलं नाही.

मित्रांनो, धाकटी वहिनी अजून आहे. वेदीवरची कापडं आता तीच धुते आणि खळ भरपूर घालते. बाकी सगळे आता मोटारीने नव्या जमिनीत जातात. परवा चर्चच्या समितीतले दोघे माझ्याकडे बघून म्हणत होते, हे लाकूड फोडून टाकावं, पडवी मोकळी होईल. माझं एक चाक कुजत आलं आहे, दांड्याला वाळवी लागली आहे, तेलाचा थेंब कित्येक महिन्यांत मिळालेला नाही. तुम्ही मोठे व्हाल, समितीत बसाल, तेव्हा एवढंच करा. जुनी वस्तू मोडण्याआधी तिचं काम संपलं का, ते विचारा. माझं संपलेलं नाही. कबरींमधल्या त्या अरुंद वाटेने मोटार जात नाही, आणि माझी एक खेप अजून बाकी आहे. ती जितकी उशिरा येईल तितकं बरं, पण तोवर मला उभं राहायला हवं.