नेल्डा नावाचं काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. काडतुसाची. दारू, गोळी, बुडाची टिकली, सगळं माझ्याच अंगात बसवतात, पण बार उडाला की नाव होतं गोळीचं. असो. मला सवय झाली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. नशीब उघडलं ते आयडाहोच्या डोंगरात, ओरिन टिडमार्शच्या घरी. तो लाकडाच्या गिरणीत लेथवर काम करायचा. दुकानातली काडतुसं त्याला पसंत पडेनात, म्हणून त्याने स्वतःच्या मनासारखं काडतूस योजलं आणि रायफलची नळी त्याच्या मापाने आतून कोरली. साच्यात दाबून त्याने माझी मान बारीक केली. मग त्या रायफलीतून पहिला बार काढला, तेव्हा माझे खांदे फुगले आणि मी तिथे चपखल बसले. बुडावरचं कारखान्याचं नाव मात्र तसंच राहिलं, सासरी गेलेल्या मुलीने माहेरचं नाव जपावं तसं.

या नव्या काडतुसाला ओरिनने बायकोचं नाव दिलं, नेल्डा. जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही म्हणून, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. एवढा आवाज करणाऱ्या वस्तूला त्याने स्वतःचं नाव द्यायला हवं होतं, असं नेल्डाचं म्हणणं.

मी पुष्कळ वर्षं राबले. दर शरदात एक एल्क, म्हणजे तिथलं थोरलं हरीण, घरी यायचं आणि हिवाळाभर त्याचं मांस पुरायचं. बार झाला की ओरिन मला गवतातून शोधून आणायचा, पुसायचा, मान तडकू नये म्हणून ज्योतीवर अलगद शेकायचा. स्वतःची दुखरी पाठ त्याने कधी इतक्या मायेने शेकली नाही.

त्याच्या टेबलाचे नियम कडक होते. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा आणि दारू मोजताना कोणी बोलायचं नाही. नेल्डा मागे विणत बसायची आणि गप्प राहायची. तिला ते किती जड जायचं हे मला ठाऊक आहे.

पुढे ओरिनचे डोळे अधू झाले. त्याने कोणाला सांगितलं नाही. एका सप्टेंबरात त्याने नेल्डाच्या छऱ्याच्या बंदुकीची काडतुसं भरली आणि त्यांच्या दारूचा डबा टेबलावरून उचलायचा विसरला. ती दारू रायफलच्या दारूपेक्षा भसकन पेटणारी. ती माझ्यात पडली असती तर रायफल त्याच्या तोंडाशीच फुटली असती. त्याचा हात नेमका त्याच डब्यात गेला आणि चमचा माझ्या तोंडाशी आला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"ओरिन, थांब," नेल्डा म्हणाली.

"मोजताना बोलायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय. आधी डबा कुठला आहे ते बघ."

त्याने डबा नाकाशी धरून वाचला. मग चमच्यातली दारू परत त्यात ओतली.

"विकून टाक हे सगळं," तो म्हणाला. "रायफलसुद्धा."

"आणि तू दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करणार? नको रे बाबा. सरक तिकडे. तू सांग, मी मोजते."

तिने चुकीचा डबा कपाटात ठेवला आणि त्याच्या जागेवर बसली. ओरिन बाजूला पाहुण्यासारखा बसला, हात मांडीवर ठेवून. त्याला तसं बघून माझा जीव तुटला. नेल्डा आम्हा पुंगळ्यांना दिव्याखाली तपासून, त्याच्या हाताला काहीतरी काम म्हणून, एकेक त्याच्याकडे देऊ लागली. माझी पाळी आली. त्याने नखाने माझी मान चाचपली आणि तो थांबला.

"हिला चीर गेलीय."

नेल्डाने मला पुन्हा दिव्याखाली धरलं. तिला काही दिसेना. भिंग आणलं, तेव्हा केसाएवढी चीर सापडली.

"मग यापुढे प्रत्येक पुंगळी आधी तुझ्या हातून जाईल," ती म्हणाली, "मगच मी तिच्यात दारू घालीन."

ओरिनने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

मी त्या दिवशी कामातून गेले आणि खिडकीत जाऊन बसले, पण मला जराही वाईट वाटलं नाही. मित्रांनो, थकलेल्या माणसाला कधीतरी थांब म्हणावंच लागतं. जरूर म्हणा. फक्त त्याची खुर्ची टेबलापासून दूर नेऊ नका.