पाय बाहेर राहू द्या

अहो, इकडे, कपाटावर बघा! मी विमान बोलतोय. हसू नका. लांबी तीन हात, अंग लाकडाचं, वर तांब्याचा पातळ पत्रा. आयुष्यात एकदाही उडालो नाही, पण उडणाऱ्यांच्या कामी आलो.

मला विमानांच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकाकांनी घडवलं, खऱ्या विमानाच्या दहाव्या हिश्श्याने. माझी चाकंसुद्धा त्यांनी दुमडणारी केली. चाकांना ते पाय म्हणत.

"कोण बघणार आहे ते?" साहेबांनी विचारलं.

"मी बघणार आहे ना!" काका म्हणाले. असा हट्टी माणूस.

विमानावर अँटेना कुठे बसवायची, हे माझ्यावरून ठरे. वैमानिकाचं बोलणं अँटेनातून जातं, पण मध्ये पंख किंवा शेपूट आलं की लहरी अडतात. मला चिमुकली अँटेना लावून गच्चीवरच्या खांबावर गोल फिरवत आणि कुठल्या बाजूला किती लहरी जातात, ते यंत्राची लेखणी कागदावर काढी. फुलाच्या पाकळ्यांसारखी आकृती उमटे. काय दिवस होते ते! सगळे माझ्याभोवती.

मग एक तरुण इंजिनीअर मुलगी आली आणि तिच्या पाठोपाठ कॉम्प्युटर. तिने त्यात माझी नक्कल केली. पोट म्हणजे नळी, पंख म्हणजे फळ्या! माझा नुसता जळफळाट झाला.

खऱ्या विमानाच्या पोटाला सोमवारी अँटेनासाठी भोक पडायचं होतं. जागा तिने कॉम्प्युटरवर ठरवलेली, पहिलीच जबाबदारी. खात्रीसाठी मला फिरवलं, तर माझ्या आकृतीत समोरच्या बाजूला हा एवढा खळगा, म्हणजे तिकडे लहरी पोचतच नव्हत्या! कॉम्प्युटरच्या आकृतीत तो नव्हताच.

"म्हातारं झालं हे लाकूड," साहेब म्हणाले. "टाका अडगळीत."

काका ओशाळले. "चूक माझी, साहेब. सकाळी तेल घातलं आणि पाय आत घ्यायचे राहून गेले."

पाय आत घेतले, खळगा गायब. सगळे हसले. मुलगी मात्र पेन चावत उभी.

"काका, विमान उतरताना पाय कुठे असतात?"

"बाहेर! नाहीतर पोटावर आपटेल की, पोरी."

"आणि नेमकं तेव्हाच वैमानिकाला समोरच्या विमानतळाशी बोलायचं असतं."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. सोमवारचं काम थांबलं. तिने तीन दिवस खपून कॉम्प्युटरमधल्या विमानाला चाकं लावली, आणि तिथेही तोच खळगा आला. भोक दुसऱ्या जागी पडलं. काका कितीतरी दिवस कॉलर ताठ करून फिरत होते.

पुढे सगळं काम कॉम्प्युटरकडे गेलं. आता तो बारीकसारीक तुकडा न् तुकडा मोजतो. त्याच्यावर माझा राग नाही, गुणी आहे पोरगा. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीचे केस पांढरे झालेत. नवीन कोणी काम दाखवायला आलं की ती आधी विचारते, "पाय बाहेर काढून बघितलंस का?" तेवढं ऐकलं की मला काकांची फार आठवण येते.

आज तिचा इथला शेवटचा दिवस. मला घरी न्यायला तिने खोका आणलाय. खोका उथळ आहे, पाय दुमडल्याशिवाय झाकण लागायचं नाही.

बाई, एवढं ऐक. झाकण उघडं राहिलं तर राहू दे, पण पाय दुमडू नकोस. उडायचं तर जमलं नाही, निदान तुझ्या घरी नीट उतरू दे मला.