शनिवारचा खण

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे. मला रविवार ते शनिवार असे सात खण आहेत. कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही चाळीस बहिणी एकदम बाहेर पडलो. ओळख व्हायच्या आतच ताटातूट झाली.

या घरातले बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना बी-बारा जीवनसत्त्व कमी निघालं, म्हणून आईंनी मला आणलं. औषधवाला म्हणाला होता, "मिलिग्रॅमचे हजार तुकडे केले, तर त्यातले दोन-तीन शरीराला दिवसाला लागतात. पण रोज लागतात."

बाबा हसले. "एवढ्याशाने काय होणार?"

"अहो, केसाएवढ्या स्प्रिंगवर घड्याळ चालतं ना? मग गिळा मुकाट्याने," आई म्हणाल्या.

दर रविवारी आई मला भरायच्या. त्यांच्या बोटांना लसणाचा वास असे. तो माझ्या सातही खणांना लागला. मी औषधांच्या कपाटात शोभेनाशी झाले, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

एका शुक्रवारी आई वारल्या. माझ्यात फक्त शनिवारची गोळी उरली होती.

मग लेक दर रविवारी येऊन मला भरू लागली. शनिवारचा खण नेहमी भरलेलाच असे.

"बाबा, परत विसरलात?"

"विसरलो गं."

चार महिने हेच चाललं. शेवटी लेक रडवेली झाली. "दुकान बंद करा आता. उद्या लोकांची घड्याळं विसराल."

"अगं, पण..."

"पण नेमकं शनिवारीच कसं विसरता? इतकं वक्तशीर विसरणं कुणाला जमतं?"

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "ती गोळी तिने ठेवलीय. खाल्ली की संपली."

दुकान बंद करायचा विषय लेकीने पुन्हा काढला नाही. बाबांच्या टेबलावरची स्क्रूंची एक चिमुकली डबी तिने रिकामी केली, धुतली, पुसली, तीत नवी गोळी ठेवली आणि झाकणावर लिहिलं, 'शनिवार'. या वयात मला धाकटी बहीण झाली.

आता बाबा सातही दिवस गोळी घेतात. मला मात्र अजून रविवारी लसणाच्या वासाची वाट पाहायची सवय आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी रोज एवढंसं काही काढून ठेवत असेल, तर ते वेळच्या वेळी घ्या. आणि या घरी आलात, तर माझे सहा खण खुशाल उघडून बघा. सातवा राहू द्या.