पुरावा द्या

निशाबाई नववीचे सहामाहीचे पेपर तपासत होत्या, तेव्हा मुरारी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. श्रावणात डोंगर खचून वाडीवर आला, त्यात त्याची बायको आणि मुलगी सारिका गेल्या. तो महाडला कंपनीत पाळीवर होता म्हणून वाचला.

"बाई, पोरीची वही-बिही काय हाय का? घरातलं कायच गावलं नाय."

सारिकाचा चाचणीचा पेपर तीन महिने बाईंच्या खणात होता. खण उघडला की त्यांची नजर आपोआप दुसरीकडे वळायची. त्यांनी तो काढून पुढे केला.

"वाचून दावा. मी दुसरीतच शाळा सोडली."

प्रश्न होता, वाडी दुसरीकडे हलवावी का? मत कारणांसह मांडा. बाई वाचू लागल्या.

"'वाडी हलवावी असं मला वाटतं. वरच्या वावराला भेग पडली आहे. जूनमध्ये तिच्यात माझी बोटं जायची, आता हात कोपरापर्यंत जातो. बाबा म्हणतात, आजवर काही झालं नाही, आणि खाली गेलो तर शेत लांब पडेल. ते खरं आहे. पण लांबच्या शेतावर चालत जाता येतं.'"

मुरारी कागदावर वाकला. मग त्याने बोट ठेवलं. "हे लाल काय हाय?"

खोटं सांगता आलं असतं. बाईंनी होतं तसं वाचलं. "पुरावा द्या. दहापैकी चार."

"पुरावा म्हंजे?"

"खरं कशावरून, ते दाखवायचं."

"तिनं हात घातलेला ना."

"हो."

"मला पन बोललेली. मी म्हनलो, भेगंत हात घालू नको, इंचू असंल."

बाईंनी लाल पेन उचललं. "मुरारीभाऊ, हे चार चुकलेत माझे."

"ऱ्हाऊ द्या बाई." त्याने पेपर घडी करून खिशात ठेवला आणि तो गेला.

बाई पुन्हा गठ्ठ्याकडे वळल्या. पण कुठलाही पेपर उघडला तरी सारिकाच तो वाचून दाखवतेय असं वाटायचं; तोच सावकाश आवाज, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. 'पुरावा' लिहायला उचललेलं पेन त्यांनी दोनदा परत खाली ठेवलं.

मग आवडी नावाच्या मुलीचा पेपर आला. शाळेपर्यंत एसटी हवी, असं तिचं मत. तिसरं कारण होतं, 'ओढ्यावरच्या साकवाची मधली फळी पाय ठेवला की खाली जाते.'

बाईंनी गुण दिले नाहीत. वर्गात जाऊन त्यांनी आवडीला बाहेर बोलावलं.

"तो साकव मला दाखव."

"आता? लांब हाय बाई."

"असू दे."

तासाभराने दोघी ओढ्यावर पोचल्या. बाई कठड्याला धरून मधोमध गेल्या आणि त्यांनी फळीवर पाय टेकला. फळी करकरत खाली गेली, खालचं पाणी दिसलं.

"आवडी, तू तिथंच थांब," त्या म्हणाल्या. मागे सरून त्यांनी ग्रामसेवकाला फोन लावला.